पहिली तार हट्टी आहे

२ मार्च २०२५, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे.
चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात माझी मुलगी पूर्वा गाणार आणि मी गिटार वाजवणार, हे केव्हाच ठरलं होतं. आज विहारातल्या मीटिंगमध्ये धम्मदीपने फाटे फोडले. हा आमच्याच बिल्डिंगमधला, तिसऱ्या मजल्यावरचा. वय सव्वीस, गिटारचे क्लास घेतो. म्हणाला, काका, तुमच्या तारा मेल्यात, बदलून टाका. कमिटीने लगेच माना डोलावल्या. अध्यक्ष म्हणाले, पोपटराव, सहा एप्रिलला रिहर्सल आहे, तोवर आवाज सुधारला तर ठीक, नाहीतर पूर्वाबरोबर धम्मदीप वाजवेल.
तारा बदलणार नाही. २०१४ च्या ऑफिसच्या स्नेहसंमेलनात याच तारांवर पहिलं बक्षीस मिळालंय. (उत्तेजनार्थमधलं पहिलं.)
पूर्वा एकोणीस एप्रिलला बंगळूरला जाणार. नोकरी. म्हणजे माझ्याबरोबर गायचा हा शेवटचा कार्यक्रम. तो त्या पोराच्या घशात घालणार नाही.

३ मार्च
शास्त्रीय विचार केला. तारा ब्रॉन्झच्या, म्हणजे तांबं आलंच. माझ्या बायकोचा, सरोजिनीचा, तांब्याचा हंडा चिंचेने पाच मिनिटांत लख्ख होतो. मग तारा का नाही होणार? हे आजवर कुणाला सुचलं नाही याचं आश्चर्य वाटतं.
सहाही तारांना चिंचेचा कोळ लावला. सरोजिनी म्हणाली, आमटीपुरती तरी शिल्लक ठेवा.

६ मार्च, संध्या. ७
यश. ऑफिसातून आलो तर सहावी तार, म्हणजे सगळ्यात जाड, चकाकतेय. आवाज भरदार. बाकीच्या पाच काळ्याच आहेत. जाड तारेत चिंच आधी मुरते, हे सिद्ध झालं.
पूर्वाला दाखवलं. ती हल्ली घरूनच काम करते. वा पप्पा म्हणाली आणि लॅपटॉपमागे तोंड लपवलं. भरून आलं असावं.

१३ मार्च
पाचवी चकाकली. वाजवताना खुंटीजवळचं तारेचं टोक बोटात घुसलं. अकरा वर्षांत कधी टोचलं नव्हतं. चिंचेने धार येते, अशी नोंद केली.
एक काळजी. दोन्ही तारा रोज उतरतात. काल मोबाइलवरच्या सूर जुळवायच्या ॲपवर काट्याला काटा जुळवून ठेवलं होतं, आज दोन्ही ढिल्या. कुणीतरी खुंट्या फिरवतंय.

१४ मार्च
सरोजिनीकडे सहज चौकशी केली. धम्मदीप काल दुपारी गाण्याचे शब्द न्यायला आला होता. दहा मिनिटं होता. खुंट्या पिळायला दहा मिनिटं खूप झाली.
झोप लागली नाही.

२० मार्च
चौथी चकाकली आणि लगेच उतरली. सोसायटीत बोललो नाही. पुरावा हवा.
पक्कड जागेवर नव्हती, पूर्वाच्या टेबलाखाली सापडली. चष्म्याचा स्क्रू आवळत होते म्हणाली. पकडीने चष्म्याचा स्क्रू. आणि हिला बंगळूरवाल्यांनी इंजिनिअर म्हणून घेतलंय.

२३ मार्च, रविवार
पहिली तार, सगळ्यात बारीक, हट्टी आहे. काही केल्या चकाकत नाही. स्पेशल डोस सुरू केला: चिंच, मीठ, वर ओलं फडकं गुंडाळून अर्धा तास.
लिफ्टमध्ये धम्मदीप भेटला. न विचारता शिकवायला लागला. काका, हात धुऊन वाजवा, वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारा पुसा. तार खरबरीत लागली, सुरात राहीना, आवाज मुका झाला की सरळ बदला. आणि आंबट काही लावू नका, बारीक तारा स्टीलच्या असतात, गंजतील.
मी आभारी आहे म्हणालो. माणूस घाबरला की असा बोलत सुटतो. घरी येऊन भडंग खात खात तासभर वाजवलं.

२७ मार्च
तिसरी चकाकली. पहिलीवर तपकिरी ठिपके आलेत. म्हणजे आतला मळ बाहेर पडतोय.

३० मार्च
सापळा लावला. गिटारच्या बॅगेच्या चेनला काळा दोरा बांधला. घरात कुणाला सांगितलं नाही.

३ एप्रिल
दुसरी तार चकाकली. तीही स्टीलचीच. धम्मदीपचं शास्त्र इथे संपलं.
आणि दोरा तुटलेला आहे.
माझ्या घरात येऊन माझ्या गिटारला कुणी हात लावतं, आणि मी ऑफिसात फायली हलवत बसतो.

४ एप्रिल
गिटार लोखंडी कपाटात. मंडईजवळून नवं कुलूप आणलं. किल्ली जानव्यासारखी गळ्यात घाला म्हणजे झालं, असं सरोजिनी म्हणाली. शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली.

६ एप्रिल, रविवार
रिहर्सल. विजय. पूर्वाचा आवाज आणि माझी गिटार, हॉल गप्प झाला. कमिटी एकमुखाने हो म्हणाली. धम्मदीपला कबूल करावं लागलं, की आवाज अगदी नव्या तारांसारखा येतोय. हे बोलताना तो माझ्याकडे नाही, पूर्वाकडे बघत होता. हरलेल्याला नजरेला नजर देता येत नाही.
घरी येताच कुलूप.

९ एप्रिल
पूर्वाने किल्ली मागितली. पाचच मिनिटं हवी म्हणाली. कशाला ते सांगेना. दिली नाही.

११ एप्रिल
पुन्हा मागितली. या वेळी डोळ्यांत पाणी होतं. धम्मदीप माझ्या मुलीला पुढे करतोय, याचं मला फार वाईट वाटलं. किल्ली उशीखाली ठेवली.

१३ एप्रिल, रविवार
पहिलीला शेवटचा डोस दिला. ठिपके एकमेकांत मिसळलेत. हात फिरवला की खरखरते. उद्यापर्यंत सुटेल.
पूर्वा समोर येऊन बसली. म्हणाली, पप्पा, पहिली तार आज बदलू या, ती उद्या टिकणार नाही. मी म्हणालो, बाकीच्या पाच कशा सुधारल्या? तशीच हीसुद्धा. ती म्हणाली, पप्पा, त्या पाच... मी तिथेच थांबवलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बापावर अविश्वास नको, असं सांगितलं. ती उठून गेली.
सरोजिनी भांडी घासायला लागली. फार आवाज करत घासत होती.

१४ एप्रिल
हॉल भरलेला. पांढरे कपडे, निळे झेंडे, मागे उभं राहायला जागा नाही. पहिलं कडवं उत्तम गेलं. पूर्वा एकदा वळून हसली. तेरा वर्षांची असताना अशीच हसली होती.
दुसऱ्या कडव्यात पहिली तार तुटली. टोक गालाला लागलं.
पाच तारा होत्या. वाजवता आलं असतं. मी थांबलो. थांबलो एवढंच नाही, पुढे होऊन माईक घेतला. म्हणालो, हे मुद्दाम केलेलं आहे, महिनाभर माझ्या गिटारच्या खुंट्या फिरवल्या जातायत, कोण फिरवतं ते इथेच बसलंय. आणि धम्मदीपकडे बोट दाखवलं.
त्याची आई शेजारी बसली होती.
पूर्वाने माझ्या हातातून माईक घेतला आणि उरलेलं गाणं गिटारशिवाय पूर्ण केलं. माझ्याकडे बघितलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गिटार बॅगेत भरत होतो.

१५ एप्रिल
ऑफिसला गेलो नाही. गाल दुखतोय.

१६ एप्रिल
सरोजिनीने ताटाशेजारी एक पाकीट ठेवलं. अहो, ती दाखवू नको म्हणाली होती, पण आता बघाच, म्हणाली.
आत पाच जुन्या तारा, नीट गुंडाळलेल्या. प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी, पूर्वाच्या अक्षरात. सहावी, ६ मार्च. पाचवी, १३ मार्च. अशा दुसरीपर्यंत. पाकिटावर लिहिलंय: पप्पांच्या २०१४ च्या तारा, टाकू नयेत. सोबत नव्या सेटमधली एक तार, न उघडलेली. पहिली.
तिला शेवटची चढवायला पाच मिनिटं लागणार होती.
२०१४ चं बक्षीस आम्हा दोघांना मिळून होतं. गाणं तिचं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, इथेही लिहिलं नव्हतं. चिंचेचं पातेलं धुऊन ठेवलं.

१८ एप्रिल
धम्मदीपची माफी मागायला तिसऱ्या मजल्यावर गेलो. आत क्लास चालू होता. व्यत्यय नको म्हणून परत आलो. उद्या नक्की.

१९ एप्रिल
पूर्वा गेली. स्वारगेटपर्यंत रिक्षात शेजारी बसलो होतो, मनात बरंच होतं, सिग्नलवर सिग्नल गेले. बसच्या दारात ती वाकली, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, पप्पा, हात धुऊन वाजवा.
मी बरं म्हणालो.
तिसऱ्या मजल्यावर जायचं राहिलं.

२० एप्रिल, रविवार
हात धुऊन पहिली तार चढवली. दोन तास लागले. ती पाच मिनिटांत कशी करायची कोण जाणे. ॲपवर जुळवली, कोरड्या फडक्याने पुसली, गिटार कपाटात ठेवली. सवयीने कुलूप लावलं.

२१ एप्रिल, सकाळी ६
पहिली तार उतरलेली आहे. कुलूप जसंच्या तसं, किल्ली माझ्या खिशात. म्हणजे नवी तार आपोआप उतरते. कुणी हात लावला नव्हता.
लावायला आता घरात कुणी नाही.