टार्बेट बेटाची लोकसंख्या

११ ऑगस्ट १९२५
बेटावर उतरलो. निघताना ओटावाच्या साहेबांनी बजावलंय, की आपली माणसं इथे नांदताहेत हे सिद्ध झालं तर बेट कॅनडाचं, नाहीतर नॉर्वेवाले टपलेलेच आहेत. सिद्ध करणार मी. मग इथला पहिला कमिशनर कोण, हे उघड आहे. संकल्प: रोज सकाळी सहाला झेंडा.

१२ ऑगस्ट
धुकं. झेंडा दिसलाच नसता. उद्यापासून.

२ सप्टेंबर
शेजारी कल्लुक शिकाऱ्याचा तंबू. बायको पन्निक, चार पोरं, सासू, चौदा कुत्री. इथे कधीपासून राहता, विचारलं. म्हणाला, आजोबांच्याही आधीपासून, तू जाणार कधी? भोचक माणूस. त्याला शिकारीचं लायसन दिलं. ते उलटसुलट बघून म्हणाला, हे दाखवलं की समुद्रातला सील आपण होऊन बर्फावर येतो का?

२० नोव्हेंबर
सूर्य गेला तो गेलाच. स्टोव्ह नुसता धूर ओकतो. घड्याळातले सहा सकाळचे की संध्याकाळचे, कळायला मार्ग नाही. झेंड्याचा प्रश्न आपोआप मिटला.

८ जानेवारी १९२६
मुक्काम कल्लुकच्या बर्फाच्या घरात हलवला. तात्पुरता. पाहणीसाठी. पन्निकने कातड्याचे बूट शिवून दिले. उकडलेलं सीलचं मांस रोज पुढ्यात येतं. म्हातारी माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली आणि सगळे हसले. कल्लुक म्हणाला, ती म्हणते, हे पाचवं पोर फार खादाड निघालं. मी विषय बदलला.

२ मार्च
पन्निकला मुलगी झाली. तिच्या रडण्याने रिपोर्टात लक्ष लागत नाही.

९ मार्च
रिपोर्ट पूर्ण. माझे हाल असे रंगवलेत, की मंत्र्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. लोकसंख्येच्या रकान्यात 'एक' लिहिलं. कल्लुकने विचारलं, आमची नावं घातलीस ना? म्हटलं, सरकारी कागदात घरगुती गोष्टी घालत नाहीत. रिपोर्ट गोठलेल्या समुद्रापलीकडच्या पोलीस ठाण्यावर तोच पोचवणार आहे. कुत्र्यांच्या गाडीने जाऊन-येऊन चाळीस दिवस. तिथून बिनतारी संदेशाने ओटावाला.

३० जुलै
जहाज दिसलं. दाढी केली. भाषण तयार आहे, फक्त अर्ध्या तासाचं. झेंडा सापडत नाही.

१ ऑगस्ट
कप्तानाने ओटावाचं पत्र दिलं. त्यात लिहिलंय: मंत्रिमंडळाने बेटावरचा हक्क सोडला. एक जरी कुटुंब तिथे राहत असतं, तरी दावा टिकला असता. पण तिथे माणूस जगू शकत नाही, असं आमच्याच अधिकाऱ्याने लेखी कळवलं आहे. कप्तान म्हणाला, दोन तासांत सामान आवरा.

पत्र कल्लुकला वाचून दाखवलं. 'एक जरी कुटुंब' हेही वाचलं. तो म्हणाला, जेवून जा.

लाज वाटली. जेवलो.