लिहिलेलं लागत नाही

शनिवार, १९ जानेवारी
मुलींचं वसतिगृह

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. लिहितेय म्हणून बरं. तोंडानं म्हटलं असतं तर या गार फरशीवर पालथी पडले असते आणि खोलीतली मैत्रीण डॉक्टरांना बोलवायला धावली असती.

मी ठीक आहे. मेसचं जेवण पोट भरतं, बाकी काही विचारू नकोस. बाबांना सांग, माझ्या चष्म्याची दांडी तुटली होती ती मी तारेनं बांधली. हे ऐकून त्यांना झोप लागणार नाही, तरी सांग.

तुझं पत्र मिळालं. 'शिकलीस तेवढं पुरे. घरी ये, दुकानात बस, फ्रेमा पूस, कामापुरतं बोल.' आत्या, मी येणार नाही. का, ते सांगते. फक्त हे पत्र मनातल्या मनात वाच. शेवटच्या ओळीचं मग बघू.

इथे आल्यापासून तू शिकवलंस तशीच बोलत होते. ना म्हण, ना वाक्प्रचार. आपल्या घरातल्या बायकांचं बोलणं लागतं, मन तापलं की शब्द न् शब्द खरा होतो, हे इथे सांगणार कुणाला? बाकीच्या मुली 'पोटात कावळे ओरडताहेत' म्हणत खिदळत जेवायला जायच्या. मी मागून एकटी जायची आणि म्हणायची, 'मला भूक लागली आहे.' पोरांनी माझं नाव ठेवलं सूचनाफलक.

मग ती वादसभा झाली. गावातल्या कुणालाही कॉलेजचं ग्रंथालय उघडं असावं की नाही, हा विषय. आमच्या संघाच्या म्होरक्याला सगळे 'मुद्दा' म्हणतात, कारण तो चहा मागतानासुद्धा 'मुद्दा असा की' अशी सुरुवात करतो. ऐन वेळी त्याचा घसा बसला. त्यानं मला कोपरानं ढोसलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "सूचनाफलक, जा. तू रोज सगळ्यांच्या आधी ग्रंथालयात असतेस. तुझ्याइतकं हे कुणाला कळणार?"

मी गेले. जपूनच बोलत होते गं. पण प्राचार्य खुर्चीतूनच म्हणाले, "पुस्तकं लायक हातांतच शोभतात." मला आपलं दुकान आठवलं. धुणं-भांडी करणारी बाई नवा चष्मा लावून समोरच्या भिंतीवरचा तक्ता वाचते, तेव्हा बाबा तिची लायकी विचारतात? ते फक्त विचारतात, "आता दिसतंय ना?"

माझा ताबा सुटला. "ज्याला वाचायचंय तो लायक!" मी ओरडले. "अक्षरावर कुणाच्या बापाची मालकी नाही! दारं लावून बसाल तर तुमच्या पायाखालची जमीन सरकेल! तोंडचं पाणी पळेल!"

आणि जमीन सरकली. पहिली रांग खुर्च्यांसकट हातभर मागे गेली. प्राचार्य ग्लास तोंडाला लावत होते. पाणी त्यांच्या ओठांवरून उडालं, टेबलावरून धावत सुटलं आणि पायऱ्या उतरून बाहेर पळालं. शिपाई फडकं घेऊन त्याच्या मागे.

प्राचार्यांनी बाबांना लिहिलं ते एवढंच. पुढचं त्यांनाही ठाऊक नाही.

मुद्दा माझ्या मागे व्हरांड्यात आला. मी त्याला खरं सांगून टाकलं. तुझं लग्न ठरलं होतं त्या माणसाला बाबांनी सांगितलं होतं, तसंच. तो उठून गेला, परत फिरकला नाही, आणि तू बाबांना म्हणालीस, 'पुन्हा तुझं तोंड पाहणार नाही.' तेव्हापासून त्यांच्या खांद्यांवर तुला नुसतं धुकं दिसतं. मुद्दाही तसाच जाईल, अशी माझी खात्री होती.

तो हसला. "मुद्दा असा की, पुढच्या निवडणुकीत तू आमच्याकडून बोल!"

चेष्टाच होती. पण मी आधीच पेटलेली. "चालता हो! मला तू नजरेसमोर नकोस!"

व्हरांडा रिकामा झाला. म्हणजे माझ्यापुरता. आवाज येत होता, "अगं, मी इथेच आहे."

आत्या, तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात माझ्या शेजारची खुर्ची आपोआप मागे सरकली. हवेत पुस्तक उघडलं. पेन्सिल खरडू लागली. "मुद्दा असा की, मी बसलोय. तू वाच." रोज तसंच. मी भिंतीकडे बघून त्याच्याशी बोलायची. पोरं म्हणायची, सूचनाफलक भाव खाते. एकदा वाटलं, शब्द मागे घ्यावेत. पण तू तसं केलं होतंस आणि आठवडाभर तुझी वाचाच गेली होती, ते आठवलं.

तेव्हा मला उमगलं. बोललेलं मागे घेता येत नाही; पुढे बोलावं लागतं. गप्प बसून आपण काही सुधारत नाही, नुसते जुन्याच वाक्यात राहतो. एका वाक्यात किती वर्षं राहायचं माणसानं?

परवा दुपारी ग्रंथालयात उन्हाचा पट्टा टेबलावर आला होता. त्या खुर्चीकडे तोंड करून मी म्हणाले, "मला तुला डोळे भरून पाहायचंय."

आधी डोळे भरले. अगदी काठोकाठ. सगळं टेबल पाण्यात गेलं. मग त्या पाण्यातून एक नाक वर आलं, जरा वाकडंच. मग कान. मग हसू.

"दिसतोय?" त्यानं विचारलं.

"नाक वाकडं आहे," मी म्हणाले.

"ते आधीपासून आहे. तुझं काम नव्हे."

आता हसत असशील. हस. एक वाक्य मात्र मी त्याला अजून बोललेले नाही. कुणावर जीव जडतो ते वाक्य. आपल्याकडून ते गेलं की जन्मभर सुटायचं नाही. त्याला हेही सांगितलं. म्हणाला, "घाई नाही. फक्त बोलशील तेव्हा मला आधी नीट बसू दे." सोमवारी प्राचार्यांपुढे जायचंय. तो सोबत येणार आहे. मी बोलणार आहे, वाक्प्रचारांसकट. मन शांत ठेवून बोलता येतं का, ते शिकायचंय, आणि ते तोंड बंद ठेवून शिकता येत नाही.

आता तुझं. तू बाबांना शेवटचं पाहिलंस तेव्हा त्यांची मिशी काळीभोर होती. आता ती पांढरी झाली आहे. हसले की डाव्या गालावर खळी पडते, ती तुझ्याही गालावर पडते. त्यांनी तुला चष्म्यावर चष्मे करून दिले. दोष काचेत नाही, हे त्यांना पहिल्याच चष्म्याला कळलं होतं. मी विचारलं, तर म्हणाले, "माझ्याकडे माफी मागायला दुसरं काय आहे? मला काच घासता येते."

मन तापल्याशिवाय आपलं बोलणं लागत नाही. तुझं आत्ता तापलं असेल. नसेल तर पत्र ठेवून दे, मी रागावणार नाही. असेल तर ऊठ, फडकं खाली ठेव. ते मागच्या खोलीत काच घासायच्या चाकापाशी बसले असतील. समोर उभी राहा आणि ही ओळ मोठ्यानं वाच. माझ्या कागदावर ती नुसती शाई आहे.

'दादा, तुला डोळे भरून पाहायचंय.'

वाटेकडे डोळे लावून बसलेली (नुसतं लिहिलंय गं, घाबरू नकोस),

तुझी भाची