खरं नाव कशाला छापलंत

१४ नोव्हेंबर

प्रिय टोव्हे,

आज सकाळपासून दक्षिणेचा वारा आहे. बोट आली नाही. सकाळी मासळीबाजारात गेले, संध्याकाळी पुन्हा एकदा जावं लागलं.

तुझ्या बाबांना पुरून परतताना तू धक्क्यावर जे बोललीस ते मनातून जात नाही. इतकी वर्षं या गावात काढली आणि शेवटी चार माणसं, त्यात एक पाद्री. तू चिडली होतीस आणि मलाही ते खरं वाटलं. म्हणून कायमचं तुझ्याकडे यायच्या गुरुवारच्या तिकिटाला मी हो म्हटलं.

आज सार्डिन तोलताना मासळीवाल्या पेरिनाने विचारलं, फालाला इस्पितळातून कधी सोडणार? 'फाला' म्हणजे इथल्या बोलीत 'आभारी आहे'. बाबांना भाषा आलीच नाही. हा एकच शब्द ते सगळ्यांना म्हणत, वाटेतून बाजूला होणाऱ्या मांजरालासुद्धा. गावाने त्यांचं तेच नाव पाडलं, हे मला ठाऊक होतं. गावाला दुसरं नाव ठाऊकच नव्हतं, हे मात्र कधी लक्षात आलं नाही.

ते गेले, बाजारातल्या फळ्यावरचा निधनाचा कागद वाचला नाहीत का, असं मी म्हटलं. तिने सुरी खाली ठेवली. सगळ्यांनी वाचला होता. आक्सेल योहानेस लिंडगार्ड, अभियंता. असेल कुणी नौकेवरचा परका, बिचाऱ्याचं इथे कुणी नाही, असं म्हणून तिच्या नवऱ्याने टोपीही काढली होती. मग ती माझ्यावरच रागावली.

"अहो बाई, खरं नाव कशाला छापलंत? खऱ्या नावाने इथे कोण कुणाला ओळखतं?"

फोटो नको, साधंच असू दे, असं आपण दोघींनी ठरवलं होतं.

संध्याकाळी तिने मला बोलावून घेतलं. फळ्यावर नवा कागद होता. ठळक अक्षरांत 'फाला', खाली रविवारच्या प्रार्थनेची वेळ. फोटो कोळ्यांच्या जत्रेतला, हातात ताटली, तोंडात घास. शोकाकुल म्हणून एकच नाव: फालिना. ही कोण, मी विचारलं. पेरिना जरा घुटमळली.

"कोण म्हणजे? तुम्हीच की. फालाची ती फालिना. तोंडावर कसं म्हणणार, म्हणून मागे म्हणतो."

घरी येऊन ते नाव मी एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

टोव्हे, मी गुरुवारी येत नाही. तू माझ्यासाठी खोली रंगवलीस, वाईट वाटून घेऊ नकोस. पुढे कधीतरी माझा कागद छापायची वेळ तुझ्यावर येईल. तेव्हा त्यावर कोणतं नाव घालायचं हे तुला ठाऊक असावं, म्हणून लिहिलं. पेरिनाने सवयीने दोघांपुरते मासे दिलेत. आता ते साफ करायला घेते.

तुझीच,
आई