विमलबाईंचं पान

११ नोव्हेंबर
पाटी बदलली. माझ्या नोकरीतली तिसरी. आधी आपली गावातली बँक, मग पुण्याची, आता थेट साता समुद्रापलीकडची. मुंबईहून आलेल्या मॅडमनी पेढे वाटले. नव्या मालकांनी देशात कुठे कुठे बँका विकत घेतल्या त्याचा नकाशा भिंतीवर दाखवला. नागपूर म्हणजे एक निळा ठिपका. गावंडे साहेब टाळ्या वाजवत होते म्हणून मीही वाजवल्या. गांधीबाग शाखा कुठेही जाणार नाही, असं साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली आहे, शब्द मोडल्याचं आठवत नाही.

२१ नोव्हेंबर
मुंबईच्या मॅडमना माझी लाल वही दिसली. ग्राहकांची. एका माणसाला एक पान. लकव्यानंतर कोणाची सही बदलली, कोणाला दुकान उघडायच्या आधी फोन केलेला चालत नाही, कोणाच्या सुनेसमोर ठेवीचा विषय काढायचा नाही. नवी लागले तेव्हा जुन्या हेडक्लार्कनी लावलेली सवय. माणूस लक्षात ठेव, खातं आपोआप लक्षात राहतं, म्हणायचे. मॅडम पानं उलटत म्हणाल्या, "मीनाताई, हे सोनं आहे." बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२२ नोव्हेंबर
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वही कॉम्प्युटरवर चढवून हवी. "हे पाह्य मीना, नव्या लोकायले आपली माणसं काय माहीत? त्यायच्या हाती हे राहिलं तं म्हाताऱ्या माणसायची हेळसांड नाही होणार. अन् शाखा टिकवाले हेच कामी येईल." पटलं.

१ डिसेंबर, रविवार
दुसरा रविवार वहीतच गेला. हे म्हणाले, "रविवारचा पगार कोण देऊन राहिलं तुले?"
विमलबाईंच्या पानाशी अडखळले. ब्लाउजपीसचं दुकान, नवरा गेल्यावर एकटीने चालवलं. मूलबाळ नाही. बहिणीचा मुलगा राजू त्यांच्याकडे राहतो. पानावर माझ्याच अक्षरात: ऐकू कमी येते, फोन स्पीकरवर ठेवतात, मोठ्याने बोलावे. खाली: भाच्यावर भरवसा नाही, ठेवीचे त्याला कळू देऊ नये. राजू वाया गेलेल्या पोरांत फिरायचा तेव्हा काउंटरवर वाकून, कानात सांगितलं होतं बाईंनी.
हे गाळावं का? गाळलं तर कोणीतरी त्याच्यासमोरच ठेवीचं बोलून बसायचं. चढवलं. अख्खं पान.

१४ जानेवारी
तिळगूळ घेऊन वि.बाईंकडे. दार राजूने उघडलं, चहाही त्यानेच केला. बुटीबोरीला कारखान्यात लागलाय, रोज जाऊन-येऊन करतो. बाई सांगत होत्या, "आता लय सुधरला वं तो. माह्या पायाले तेल लावून देते रोज."
घरी येऊन वहीतली ती ओळ खोडली. कॉम्प्युटरवरची खोडायला गेले तर उघडेना, आता ते मुंबईच्या ताब्यात आहे. साहेबांना फोन केला. "सांगतो त्यायले," म्हणाले.

४ फेब्रुवारी
कसं लिहू.
वि.बाई आल्या. रिक्षाने, एकट्या. काल त्यांना बँकेतून फोन आला, कुठल्याशा नव्या योजनेचा. नेहमीसारखा स्पीकरवर ठेवला. राजू बाजूलाच जेवत होता. पलीकडची मुलगी मोठ्याने, सावकाश, समोरचं वाचून बोलली. आपल्याला मूलबाळ नाही, आपला भाच्यावर भरवसा नाही, तेव्हा म्हातारपणासाठी आपण…
राजू ताटावरून उठला. कपडे भरले आणि बुटीबोरीला मित्राच्या खोलीवर गेला.
बाई भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी तं तुले सांगतलं होतं वं. बँकेले नाही."
पाणी दिलं. प्यायल्या नाहीत.

५ फेब्रु.
साहेबांना जाब विचारला. "एका फोननं काय होते? चार दिवसांत येईल पोरगं." मग, बोलायचं नव्हतं तेही बोलून गेले. शाखा २८ला बंद. सगळे ग्राहक रामदासपेठ शाखेत. हे त्यांना नोव्हेंबरातच माहीत होतं, स्वतःची पुण्याची बदली तेव्हाच पक्की झाली होती. वही हवी होती ती शाखा गेली तरी ग्राहक फुटू नयेत म्हणून.
"तेव्हा सांगतलं असतं तं देली असती काय वही?"
नसती दिली. म्हणूनच नाही सांगितलं. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी कमरेला पदर खोचून पंगती वाढल्या. केसाने गळा कापला या माणसाने.
पण बाईंचं पान चढवलं कोणी? मीच.

८ फेब्रु.
बुटीबोरी. कारखान्याच्या गेटवर राजूला गाठलं. नमस्कार केला त्याने, तेच जास्त लागलं.
"मॅडम, खरं सांगा. मावशी तसं बोलली होती का नाही?"
"बोलल्या होत्या. जुनी गोष्ट आहे राजू."
"जुनी असती तं काल-परवा काहून वाचली असती?"
ती ओळ कोणी लिहिली, कोणी चढवली, सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्याने. शिफ्टची वेळ झाली, आत गेला.

२८ फेब्रुवारी
शेवटचा दिवस. फर्निचर सकाळीच नेलं. वि.बाई आल्या, बसायला खुर्चीही नव्हती. राजू अजून आलेला नाही.
"माहं पान दे."
वहीतून फाडून दिलं. घडी घालून बटव्यात ठेवलं त्यांनी. "आता कुठीच नाही न?"
"आहे, बाई. माझ्याच हातून गेलंय."
हळू बोलले मी. त्यांना ऐकू गेलं नाही. मान हलवून, समाधानाने गेल्या. मोठ्याने बोलायला हवं होतं, पानावर मीच तसं लिहून ठेवलं होतं.

२ मार्च, रविवार
मालकांनी आणखी एक बँक घेतली. छोटी, अमरावतीकडची. उद्या मी तिकडे जायचं, ग्राहकांची वही कशी ठेवतात ते तिथल्या लोकांना शिकवायला. गाडी बँकेची. पत्रात 'मीनाताईंची पद्धत' असं लिहिलंय. हे म्हणाले, नोकरीची सात वर्षं उरलीत, विचार कर.
संध्याकाळी तिथल्या एका बाईंचा फोन आला. आवाजावरून माझ्याच वयाच्या. "मॅडम, माह्यापाशी बी अशी वही आहे, अठरा वर्षांची. उद्या घेऊन येऊ काय?"
उद्या भेटल्यावर बोलू, म्हणाले. बॅग भरली आहे. लाल वही घेतली, काढली, परत घेतली.