काचेआडून डोके खाजवण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य क्रीडा अधिकारी,
जलतरण तलाव विभाग.

अर्जदार: पोहण्याचा शिक्षक, ज्येष्ठ नवशिक्यांचा सकाळचा वर्ग.

विषय: डोक्यावरील शस्त्रक्रियेचा व्रण भरेपर्यंत सैल टोपी घालून तलावाच्या काठावर उभे राहण्यास, आणि ते नियमात बसत नसल्यास प्रेक्षक कक्षाच्या काचेआडून डोके खाजवण्यास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ: १) तलाव नियमावलीतील टोपीविषयक नियम. २) मा. व्यवस्थापकांनी फळ्यावर लावलेली सूचना. ३) माझे याच विषयावरील आधीचे दोन अर्ज (पोच मिळाली, उत्तराची वाट पाहत आहे).

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी नुकतीच केशरोपणाची शस्त्रक्रिया करून घेतली. यात डोक्याच्या मागच्या बाजूची, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतची कातडीची बारीक पट्टी काढून तेथील केस पुढे लावतात आणि मागे टाके घालतात. टाके निघाले आहेत. व्रण भरत आहे. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळून जातात व मग काही महिन्यांनी नव्याने उगवतात, हा निसर्गक्रम असल्याने आज रोजी माझ्या डोक्यावर पूर्वीपेक्षाही कमी केस आहेत, याची कृपया नोंद घ्यावी.

२. जो माणूस दिवसभर रबराची टोपी घालून पाण्यात उभा असतो त्याला केस हवेत कशाला, असा प्रश्न तिकीट खिडकीवरील लिपिक मला रोज न चुकता विचारतात. त्यांना मी उत्तर देत नाही, आपणांस देतो. टोपी कधीतरी काढावी लागते. ती काढल्यावर आरशात जो गृहस्थ दिसे त्याच्याशी माझे फारसे पटत नव्हते, एवढेच. माझ्या पत्नीचे मत "मला सवय झालीय, कशाला हा उपद्व्याप" असे होते. तरीही रोज रात्री व्रणावर जेल लावून हलक्या बोटांनी चोळण्याचे काम तिनेच पत्करले आहे. माझे डोके मागून कसे दिसते हे मला ठाऊक नसून त्याबाबतची सर्व माहिती तिच्याकडूनच मिळते. "आज लाली उतरलीय", "डावीकडे जरा जाड लागतंय", असा तिचा अहवाल असतो आणि तो मला तोंडपाठ असतो.

३. डॉक्टरांच्या आज्ञा पुढीलप्रमाणे आहेत. व्रणावर ऊन पडू देऊ नये. तलावाचे औषधी पाणी लागू देऊ नये. घट्ट टोपी घालू नये. आणि काहीही झाले तरी खाजवू नये, कारण खाजवल्यास व्रण जाड होतो, रुंद होतो आणि मग जन्मभर दिसतो.

४. आपल्या नियमानुसार रबराच्या टोपीशिवाय कोणासही पाय धुण्याच्या कुंडीपलीकडे जाता येत नाही. मी सुती कापडाची, रुंद काठाची, सैल टोपी घालून काठावर उभे राहण्याची तयारी दाखवली. त्यावर मा. व्यवस्थापकांनी नियमावली उघडून दाखवले की, रबराची नसलेली टोपी घातलेली व्यक्ती म्हणजे प्रेक्षक, आणि प्रेक्षकाची जागा काचेमागच्या कक्षात. इकडे आड, तिकडे विहीर, आणि पोहण्याचा शिक्षक असूनही मला दोन्हींत उतरण्यास मनाई. अखेर पाण्यात सभासदांजवळ जीवरक्षक उभे करून, मी काचेमागून शिकवावे असे तोंडी ठरले. काचेतून आवाज जात नाही, ही गोष्ट ठरवताना कोणाच्याही लक्षात आली नाही. माझ्याही नाही.

५. तेव्हापासून मी हातवाऱ्यांनी शिकवतो. श्वास सोडा म्हणायचे तर गाल फुगवून फुंकर मारतो. पाय मारा म्हणायचे तर बाकावर बसून हवेत पाय मारतो. त्याच कक्षात लहान मुलांच्या आया आपापल्या मुलांची वाट पाहत बसतात. पहिल्या दिवशी त्यांपैकी एकीने मला पाणी आणून दिले व "कोणाला बोलावू का?" असे काळजीने विचारले. आता त्यांना सवय झाली आहे आणि माझे हात दुखू लागल्यास त्या मदतही करतात.

६. या वर्गात एक आजी आहेत. त्या पहिल्या दिवसापासून कठड्याला धरून आहेत, म्हणून सर्वजण त्यांना कठडेवाल्या आजी म्हणतात आणि त्याही या नावाला ओ देतात. त्यांचा पाण्याचा धसका लहानपणचा आहे. "मास्तर, मरायच्या आधी एकदा तरी पाण्यानं मला उचलून धरलेलं बघायचंय," असे त्यांनी प्रवेश घेतेवेळी सांगितले होते. मान सैल सोडा, हनुवटी वर करा, छाती भरून श्वास घ्या, हे मी त्यांना अगणित वेळा सांगितले. पालथ्या घड्यावर पाणी. त्या मान डोलावत आणि कठडा अधिकच घट्ट धरत. इतरांचे पाहून त्या धीर करतील म्हणावे, तर इतर त्यांचे पाहून कठडा धरत. परिणामी, वर्गाची प्रगती शून्य असल्याने येत्या चाचणीत निम्म्याहून अधिक सभासद आधाराविना तरंगले नाहीत तर वर्ग बंद करण्यात येईल, अशी सूचना फळ्यावर लागली. वर्ग बंद झाला तर मला कायमचे तिकीट खिडकीवर बसवतील, हे मी एक वेळ सोसेन. आजींना मात्र कठड्यावरूनच घरी पाठवावे लागेल, हे माझ्याने सोसवणार नाही.

७. आता मुख्य घटना. भरत्या व्रणाला खाज सुटते. ती खाज कागदावर उतरवणे अर्जदाराच्या कुवतीबाहेर आहे. एका सकाळी वर्ग चालू असताना ती अशी उसळली की डॉक्टर, जेल, पत्नी, सगळे विसरून मी दोन्ही हात डोक्यामागे नेले, हनुवटी वर केली, छातीभर श्वास घेतला आणि डोळे मिटून खाजवले. काय सुख वाटले म्हणून सांगू! डोळे उघडले तेव्हा आया काचेला नाक लावून उभ्या होत्या. पलीकडे अख्खा वर्ग दोन्ही हात डोक्यामागे घेऊन, हनुवट्या वर करून पाण्यावर उताणा तरंगत होता. हा आजचा नवा धडा आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती. आणि महोदय, कठड्यावर कोणीही नव्हते. आजी मधोमध होत्या, त्यांचे पाय वर आले होते आणि त्या आकाशाकडे पाहून हसत होत्या. मला रडू आले. शिक्षकाने रडावे किंवा कसे याबाबत नियमावलीत काही आढळले नाही.

८. दुसऱ्या दिवसापासून धडा तोच ठेवला. व्रणाला जपावे म्हणून मी नखे न लावता नुसते हात मागे धरून पाहिले. परंतु खोटे खाजवले की आजींना कसे कोण जाणे कळते, आणि त्या कठड्याकडे वळतात. मग मी खरे खाजवू लागलो. पत्नीचा रात्रीचा अहवाल दिवसेंदिवस कडक होत गेला. डॉक्टरांनी पाहताच हात टेकले. "डोकं सांभाळायचंय की वर्ग, एक काय ते ठरवा," असे ते म्हणाले. डाव्या कानामागे बोटाच्या पेराएवढी जागा जाड झाली असून तेथे आता केस येणार नाहीत. तेवढी जागा मी वर्गाला दिली असे समजतो, तक्रार नाही.

९. दरम्यान मा. व्यवस्थापकांनी, शिक्षक प्रेक्षक कक्षात अनुचित हावभाव करतात, असा शेरा मारला आहे. तसेच चाचणीच्या दिवशी बाहेरून कोणी खुणा करू नयेत म्हणून काचेवरचा पडदा ओढण्यात येईल, असे कळवले आहे. त्यावरून हा अर्ज मी परवा लिहावयास घेतला आणि विषयात खाजवण्याची परवानगी मागितली.

१०. परंतु काल एक गोष्ट घडली, ती नमूद करणे भाग आहे. आयांपैकी एकीशी बोलताना माझी पाठ काचेकडे वळली आणि टोपी हातात होती. वर्ग सुटल्यावर कठडेवाल्या आजी टॉवेल गुंडाळून, पाणी निथळत, थेट कक्षाच्या दारात आल्या. "मास्तर, मागून सगळं लाल झालंय हो तुमचं. आमच्यापायी? उद्यापासून खाजवायचं नाही. तुम्ही नुसते उभे राहा, मला पुरतं," असे म्हणाल्या व निघून गेल्या.

आज सकाळी मी दोन्ही हात खिशात घालून उभा राहिलो. आजींनी कठड्यावरून माझ्याकडे पाहिले, मान हलवली, स्वतःच हात डोक्यामागे नेले आणि कठडा सोडला. त्या तरंगत मधोमध गेल्या. एवढ्यात खाजेने डोके वर काढले आणि सवयीने माझा उजवा हात खिशातून निघाला. आजींनी तरंगता तरंगताच एक हात पाण्याबाहेर काढून मला बोट दाखवून दटावले. बुडाल्या नाहीत. माझा हात मुकाट्याने खिशात गेला.

११. सबब, विषयात नमूद केलेली खाजवण्याबाबतची विनंती मी मागे घेत आहे. काठावर येऊ द्यावे ही विनंती नियमात बसत असल्यास विचारात घ्यावी, नसल्यास तिचाही आग्रह नाही. माझी विनंती आता एवढीच उरली आहे की, चाचणीच्या दिवशी पडदा एका माणसाच्या रुंदीइतका उघडा ठेवावा. मी खुणा करणार नाही, गाल फुगवणार नाही. हात खिशात राहतील, हवे तर खिसे शिवून घेतो. मी तेथे फक्त उभा असेन.

उत्तराची वाट काचेमागे उभ्याने पाहत असलेला,
आपला नम्र,

(सही)
पोहण्याचा शिक्षक

दिनांक: आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत:
१) डॉक्टरांचा दाखला. शेवटची ओळ रागाच्या भरात लिहिलेली असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष करावे.
२) डोक्याच्या मागील बाजूचे छायाचित्र, पत्नीने काढलेले. जाड झालेली जागा तिने बाणाने दाखवली आहे.
३) सैल टोपीचा नमुना. एकच असल्याने पाहून परत करावा, तोवर मी सावलीत उभा राहीन.