मास्तरांनी बेतलेली गाडी

११ जानेवारी, सोमवार

सीटा निघाल्या! मधल्या तीन, मागच्या तीन. आता पुढच्या दोन तेवढ्या शिल्लक. बोल्ट इतके गंजलेले की कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलवावं लागलं. तो म्हणाला, "मास्तर, आठ जणांची गाडी दोघांची करताय?" हे म्हणाले, "आठ जण आहेत कुठे आता? दाखव, बसवतो."

खरंच आहे. गाडी घेतली तेव्हा सासू-सासरे होते, वन्सं होत्या, आमची तीन पोरं होती. मी कायम मागच्या सीटवर — मांडीवर डबा, पायाशी पाण्याचा कॅन. इतक्या वर्षांत पुढचा रस्ता मी पाहिला तो सासऱ्यांच्या टकलाच्या दोन्ही बाजूंनी जेवढा दिसेल तेवढाच.

सीटांखाली सापडलं ते असं: चार बटणं, एक दुधाचा दात, आणि धाकटीची कंपासपेटी — जी हरवली म्हणून मी तिला मारलं होतं. देवा, क्षमा कर.

१२ जानेवारी

मनात घोळतंय ते लिहून टाकते. डॉक्टर डिसेंबरात म्हणाले, ह्यांच्या डाव्या डोळ्यामागची नस सुकली ती सुकलीच. उजव्याची सुकत चाललीय. "पाच-सहा महिने बऱ्यापैकी दिसेल. पुढचं सांगता येत नाही." हे घरी आले, गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली, दुकानाचं शटर खाली ओढलं. चाळीस वर्षांची शिलाई त्या एका आवाजात संपली.

आठव्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "डोळे आहेत तोवर समुद्र बघून यायचा." ह्यांनी लग्नाआधी एकदा पाहिलाय. मी तर जन्मात नाही. मी म्हटलं, दोन दिवसांचा रस्ता, बसनं जाऊ. तर म्हणाले, "ह्या डोळ्यांत चार-चार तासांनी थेंब घालायचे. आडवं कुठे पडू? आणि लॉजवर उतरलो तर तू रात्रभर बिलाचा आकडा म्हणत बसशील, जपमाळेसारखा."

मला राग यायला हवा होता. हसूच आलं.

तर गाडीतच घर करायचं. थोरला मार्चमध्ये रजा काढून गाडी चालवणार आहे.

१४ जानेवारी

थोरल्याचा फोन. गाडी चालवायला हो म्हणाला होता, पण गाडीतच घर करायचं हे त्याला आज कळलं. "बाबा, हे काय नसतं खूळ? गाडी विकून टाका, मी विमानाची तिकिटं काढतो." ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "सीटा काढून झाल्यात रे बाळा. आता कोण घेणार?"

फोन ठेवल्यावर ह्यांनी पाठीवर थाप मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच!

१९ जानेवारी

हे सुतार नव्हेत. पण काम बघावं! गाडीच्या आत गुडघ्यावर बसून खाकी कागद अंगाला लावावा तसा पत्र्याला लावतात. वळण जिथे येतं तिथे कागदाला चुण्या घालतात, कात्रीनं कापतात. पलंगाचा कागद, कपाटाचा कागद, ओट्याचा कागद. आमच्या दोरीवर अख्खी गाडी वाळत घातल्यासारखी टांगलीय.

वन्सं येऊन गेल्या. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! ह्या वयात शोभतं का?" हे म्हणाले, "ताई, कडेला हो, तू कपाटावर उभी आहेस." कागदावर होत्या खऱ्या.

२० जानेवारी

प्लायवूड आलं. भाव करताना दुकानदार घामाघूम. देवाची कृपा.

२ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते कुणाला सांगून पटणार नाही. ह्यांनी प्लायच्या तुकड्यांना कडेनं भोकं पाडली आणि सुतळीनं कच्चे टाके घातले! पलंगाला टाके, कपाटाला टाके. म्हणाले, "आधी कच्चं, मग पक्कं. ट्रायल घेतल्याशिवाय मी कुणाला कोट दिलेला नाही."

मग माझी ट्रायल. झोप — झोपले. ऊठ — उठले. ओट्यापुढे उभी राहा, कोपर वाक. "दोन बोटं खाली," म्हणाले आणि सुतळी सोडून ओटा दोन बोटं खाली घेतला. घरातला ओटा सासूबाईंच्या उंचीचा, त्या होत्या ताडमाड. मी चार फूट अकरा इंच. छत्तीस वर्षं मी टाचा उचलून स्वयंपाक केला आणि मला कधी कळलंच नाही की टाचा उचललेल्या आहेत.

गॅरेजवाला हसत होता. तिसऱ्या ट्रायलला हसायचा थांबला. जाताना म्हणाला, "काकू, आमच्याकडे हातोडीनं बसवतात. हे मापानं बसवतात."

११ फेब्रुवारी

खिसे! गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करून, जुन्या उसवून जे उरलं ते ह्यांनी पोत्यात भरून ठेवलं होतं. मी दर वर्षी ते पोतं बाहेर काढायचे, हे आत घ्यायचे. आज कळलं कशासाठी. गाडीच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत खिसेच खिसे शिवलेत. चमच्यांचा, टॉर्चचा, औषधाच्या थेंबांचा, माझ्या पोथीचा. पोथीच्या खिशाला झाकण आणि बटण.

काढलेल्या सीटांचे पट्टे कपाटाच्या दारांना लावलेत, वळणावर दारं उघडायला नकोत म्हणून. शेगडीलाही एक पट्टा. शेगडी आता पट्टा लावून बसते, शहाण्या पोरासारखी. सीटांचं रेक्झिन गादीला. फेकलं काय? काहीच नाही. मी काटकसरीची म्हणून नावाजलेली, पण हा माणूस माझा गुरू निघाला.

१८ फेब्रुवारी

पडदे. काल म्हणाले होते, दुकानाच्या फळीवर निळं पॉपलीन उरलंय, त्याचे करतो. आज बघते तर हिरवे. मनात म्हटलं, निळं कमी पडलं असेल. बोलले नाही. हिरवं जास्त होतं आणि कुणी घेतही नव्हतं, बरंच झालं.

प्रत्येक पडद्याला काजं, पत्र्याला बटणं. लावले की एक फट दिसत नाही. काजं इतकी सारखी की मोजपट्टीला लाज वाटावी.

५ मार्च

दुपारी चहा घेऊन गेले तर हे गाडीत बसून स्क्रू पिळतायत, पडदे बंद, आत मिट्ट काळोख. मी म्हटलं, "अहो, बल्ब तरी लावा." म्हणाले, "कशाला? सुतळीला गाठी मारल्यात. पहिली गाठ पलंग, दुसरी ओटा, तिसरी कपाट. हाताला कळतं." बल्ब काढून त्याच्या जागी कंदील टांगायला आकडा लावला म्हणे.

गाठींचं माप! विजेची बचत, वर मोजपट्टीची कटकट नाही. मी त्यांना तसं म्हटलंही. हे नुसते हसले. चहाचा कप मी हातात दिला तेव्हा दोन्ही हातांनी घेतला, प्रसादासारखा.

हल्ली पेपर मीच वाचून दाखवते. चष्मा पुसायचा ह्यांना आळस. मला आवडतं वाचायला. मॅट्रिकला भाषेत पहिली होते, त्याचा उपयोग आता.

१४ मार्च, रविवार

आजचा दिवस नीट लिहिते.

थोरला आला. गाडीत शिरला. खिशात हात घालून बघितला, पलंगावर लोळला, ओट्यावरून हात फिरवला. "बाबा, तुम्ही माणूस आहात की कोण?" म्हणाला. माझा ऊर भरून आला.

मग स्टिअरिंगमागे बसायला गेला आणि गुडघे अडकले. सीट मागे ढकलतोय तर हलेना. मागे कपाट! पक्कं, आठ बोल्ट मारलेलं. सीट जिथे आहे तिथेच, पुढे, पार पुढे. वर एक जाड उशीही शिवून बसवलेली. थोरला सहा फुटी. हनुवटी गुडघ्याला टेकली.

"झालं! सगळं केलंत आणि माप चुकलात," म्हणाला.

"चाळीस वर्षांत कुणाचं माप चुकलंय माझ्याकडून?"

"मग मी बसू कुठे?"

"तुला कोण बसवतंय? जानेवारीत मार्च म्हणालास. काल फोनवर म्हणालास, मार्च जमत नाही, मे बघू. मेमध्ये दिवाणखान्यात बसून जून म्हणशील. तुझा दोष नाही रे. तुझी नोकरी आहे. पण माझ्या डोळ्यांना रजा मागता येत नाही."

"मग चालवणार कोण? तुम्ही?"

ह्यांनी माझ्या दिशेला तोंड वळवलं.

थोरला आधी हसला. मग माझ्याकडे बघून थांबला. "आई?" म्हणाला. "आई गाडी चालवणार?"

मी पदर खोचला आणि आत निघून आले.

१५ मार्च

बोलत नाही. मला न विचारता! माझी उंची, माझे पाय, माझी भीती — आणि बोल्ट ह्यांनी मारायचे!

एकदा शिकले होते. गाडी नवी होती तेव्हा, मोकळ्या मैदानावर, आठ दिवस. नवव्या दिवशी कुंपणाला घासली. सासूबाई म्हणाल्या, "पोळपाट-लाटण्याला चाकं नसतात ते बरं." सगळे हसले. मीही हसले. पुन्हा किल्लीला हात लावला नाही.

१६ मार्च

बोलत नाही.

१७ मार्च

सकाळी पूजा झाल्यावर कुणी बघत नाही असं पाहून गाडीत जाऊन बसले. नुसतं बघावं म्हणून.

पाय पोचले. तिन्ही पेडलना, अगदी तळवा टेकून. उशीवरून काचेबाहेरचा सगळा रस्ता दिसला. पाठीला जिथे दुखतं नेमकं तिथे एक छोटी घडी शिवलेली. हे माप ह्यांनी घेतलं कधी? ट्रायल तर झाली नव्हती. म्हणजे आठवणीतून. छत्तीस वर्षांच्या आठवणीतून बेतलेली सीट!

उतरले तर हे दाराशी. "कुठे टोचतंय का?" एवढंच.

"नाही," मी म्हटलं. अबोला मोडला तो असा.

२३ मार्च

ड्रायव्हिंग स्कूल. शिकवणारी माझ्या सुनेपेक्षा लहान. "काकू, क्लच सोडताना देवाचं नाव घ्या, पण डोळे मिटू नका." चार वेळा बंद पडली. घामानं ब्लाउज भिजला.

३० मार्च

तिसरा गिअर!

८ एप्रिल

वन्सं म्हणाल्या, "माझ्या भावाला आंधळेपणी बायकोच्या हाती जीव द्यायची हौस आलीय." हे आतून म्हणाले, "ताई, जीव छत्तीस वर्षांपूर्वीच दिलाय. आता फक्त किल्ली दिली."

मी स्वयंपाकघरात उभी होते. भांडी तीनदा घासली.

२९ एप्रिल

पास! परीक्षा घेणारा साहेब म्हणाला, "बाई, एवढ्या मोठ्या गाडीवर परीक्षा द्यायला कुणी येत नाही. सीट कुणी बसवून दिली?" मी म्हटलं, "शिंप्यानं." त्याला वाटलं मी चेष्टा करते.

थोरल्याला फोन केला. म्हणाला, "आई, हळू चालव."

१० मे, सोमवार

निघालो. पहाटे पूजा, मग टायरमधली हवा. हे शेजारच्या सीटवर, हात खिडकीवर. पहिला तासभर मी बोलले नाही आणि त्यांना बोलू दिलं नाही. ट्रक मागून भोंगा वाजवायला लागला की हे म्हणायचे, "घाई त्याला आहे, आपल्याला नाही."

दुपारी झाडाखाली थांबून ओट्यावर स्वयंपाक केला. टाचा जमिनीवर. रात्रीच्या मुक्कामाला पडद्यांची बटणं लावताना हे एकेका काजावरून बोट फिरवत होते. एकही चुकलं नव्हतं.

मी ह्या माणसाला दरवर्षी पोतं बाहेर टाका म्हणून सांगत आले!

१२ मे

समुद्र.

सकाळी सातला पोचलो. गाडी वाळूच्या अलीकडे लावली, मागचं दार उघडलं. हे पलंगावर बसले, पाय बाहेर सोडून. मी शेजारी. इतकं पाणी! कुणी मोजलं असेल?

बऱ्याच वेळानं ह्यांनी विचारलं, "रंग कसा आहे गं आज?"

मला वाटलं, गंमत करतायत. मी म्हटलं, "अगदी तुमच्या पडद्यांसारखा."

"म्हणजे निळा," हे म्हणाले. किती समाधानानं म्हणाले!

पडदे हिरवे आहेत. फेब्रुवारीपासून.

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते पाण्याच्या थोडं डावीकडे वळलेलं होतं.

माझ्या ह्या वहीत आजवर एक खोटी नोंद नाही.

"हो," मी म्हटलं. "निळा." आणि त्यांचा हात धरून पहिल्या लाटेपासून सांगायला घेतलं.