शुक्रवार कापला

४ मार्च, सोमवार

आणि वर मलाच म्हणतात, चूक तुमची. माझी! चार वर्षं म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या या केंद्रात चौतीस जणांचा स्वयंपाक करतेय. भाजी बाजार उठता उठता घेतली म्हणून स्वस्त पडली. डाळ आदल्या दिवशी भिजवून ठेवली म्हणून गॅस कमी लागला. अंडी दुकानातून नाही, थेट कोंबड्या पाळणाऱ्या बाईकडून. वर्ष संपताना नव्वद हजार उरले. मीच केंद्र चालवणाऱ्या मॅडमना म्हटलं, सरकारचे आहेत, परत करा. तेव्हा वरून शाबासकीचा कागद आला होता. मॅडमनी तो भिंतीवर लावला.

आज नवं बजेट आलं. नेमके तेवढेच नव्वद हजार कापले. का, तर गेल्या वर्षी लागले नाहीत म्हणजे गरजच नव्हती. मॅडम म्हणाल्या, "आठवड्यातून आणखी एक दिवस केंद्र बंद ठेवावं लागणार, ताई. पहिल्या तारखेपासून शुक्रवार बंद." मग हळूच म्हणाल्या, बाकीची केंद्रं शेवटच्या महिन्यात खुर्च्या घेतात, पंखे घेतात, पैसे संपवून टाकतात. परत करणारे आपण एकटेच.

म्हणजे उधळले असते तर मी शहाणी.

६ मार्च

रेडिओवर मंत्री बोलत होता. राज्याचं उत्पन्न घटलंय, सगळ्यांनी काटकसर करायला हवी. बंद केला रेडिओ.

७ मार्च, गुरुवार

केंद्रात येणाऱ्या शिंपीकाकांना आज सांगितलं. एवढा वेळ जीभ रेटत नव्हती. त्यांचा मुलगा बस चालवतो, पहाटे पाचला घर सोडतो. काका एकदा गॅस चालू ठेवून फिरायला निघून गेले होते. तेव्हापासून केंद्र बंद असलं की मुलगा बाहेरून कुलूप लावून जातो. शनिवार, रविवार असेच जातात. आता शुक्रवार धरून तीन दिवस.

काका हसले. म्हणाले, "चोरी न करताच सजा वाढली की माझी." मग भाजी निवडायला बसले. देठ घेतले आणि पानं टाकून दिली. मी पानं परत गोळा केली.

संध्याकाळी मुलगा न्यायला आला तेव्हा त्याच्याशी भांडले. तो म्हणाला, "मावशी, मला काय हौस आहे का? नोकरी सोडू?" बरोबर आहे त्याचं. पण कुणाशी तरी भांडायचं होतं.

११ मार्च, सोमवार

कचेरीत गेले. तीन मजले चढले. प्रत्येक खोलीत "इथे नाही, पलीकडे." शेवटी एक कारकून भेटला, डबा खात होता. मी म्हटलं, जेवा, मी थांबते. मग उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. थांबणं मला जमत नाही.

त्यानं हात पुसून आमच्या केंद्राचा कागद काढला. एक रकाना खर्च झालेल्या पैशांचा, दुसरा न झालेल्यांचा. मी विचारलं, का उरले ते कुठे लिहायचं? म्हणाला, "त्याला रकानाच नाही, बाई. केंद्र बंद होतं म्हणून उरले की तुम्ही जपून वापरले म्हणून उरले, वर सगळं एकच दिसतं."

माणूस सरळ निघाला. बजेट झालं तरी पुरवणी मागणी करता येते म्हणाला. एकोणीस तारखेला बजेटची समिती लोकांचं ऐकणार आहे, प्रत्येकाला तीन मिनिटं. त्यानंच नाव घातलं माझं. "तिथे सगळे रडतात. तुम्ही आकडे सांगा."

१४ मार्च

लेकीनं घड्याळ लावून बोलायला लावलं. नऊ मिनिटं! "आई, त्यातली सहा मिनिटं तू नुसत्या शिव्या देतेयस." पुन्हा बोलले. पाच झाली. शिव्या काढणं जड जातं.

१९ मार्च, मंगळवार

बोलले!

शिंपीकाका हट्टानं बरोबर आले. माझा नंबर यायच्या आधी अर्थखात्याचा माणूस पडद्यावर राज्याच्या उत्पन्नाची रेघ दाखवत होता. धंदे मंदावले म्हणून रेघ खाली गेली, पुढच्या सहा महिन्यांत वर येईल. रेघ वर चढेपर्यंत काका घोरायला लागले. कोपरानं ढोसलं.

मग मी. चौतीस माणसं, किती डाळ, किती गॅस, एका ताटाचा खर्च किती. उरलेले पैसे का उरले. कुलपाचंही सांगितलं, काकांना विचारूनच. चष्मेवाल्या अध्यक्षबाईंनी मला ताटाचा आकडा परत विचारला. शेजारच्यानं कागद पुढे सरकवला. राज्यात अशी आणखी चाळीस केंद्रं आहेत, आणि माझ्या पाच ताटांच्या पैशांत त्यांची चारच होतात. बाईंनी त्या आकड्याभोवती गोल केला. म्हणाल्या, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

येताना काका म्हणाले, "आवाज बरा लागला तुझा. मी तर जागाच झालो."

आज बरं वाटतंय. उगाच लिहीत नाही.

२५ मार्च, सोमवार

समितीचं पत्र आलं. मॅडमनी दोनदा वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं. चाळीस केंद्रांच्या स्वयंपाकणींना मी शिकवायचं! महिनाभर, मानधन देऊन. मी, चौथीत शाळा सोडलेली. मॅडम म्हणाल्या, "ताई, लगेच हो कळवा." लेकीनं मिठी मारली.

शुक्रवारचं मात्र पत्रात काही नाही. विचाराधीन म्हणे.

२६ मार्च, मंगळवार

भाजी चिरताना डोक्यात आलं. मी शिकवलं की चाळीसही केंद्रांत पैसे उरणार. पुढच्या वर्षी चाळीसही जणींचा शुक्रवार कापणार, माझ्याच हातानं. पण आता गरज वरच्यांना आहे, आणि मी अजून हो म्हटलेलं नाही. उत्तर पाठवलं. त्याची नक्कल:

"शिकवायला येते. आधी आमचा शुक्रवार परत द्या. आणि जे केंद्र पैसे वाचवेल त्याचे पैसे त्याच केंद्राकडे राहतील, हे सहीशिक्क्यानं लिहून द्या. दोन्ही गोष्टींचं उत्तर गुरुवारी दुपारी बाराच्या आत पाहिजे."